माझा कोणावर दात नाही

ईनबाई रिकाम्या हातानं आल्या, तेव्हाच मी ओळखलं की आज काही खरं नाही.

ईनबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. बाई तलावाच्या गावची. पहाटे जाळ्यातली मासोळी घ्यायची, टोपली डोक्यावर ठेवायची आणि बाजार गाठायचा, हे तिचं आयुष्य. पोंभुर्ण्याला आमच्या घरी यायचं म्हटलं की त्यांच्या हातात पिशवी असणारच. ताजी मासोळी नसली तर वाळवलेले झिंगे तरी. पिशवी दारातूनच माझ्या हातात द्यायची आणि मग "कसे हाय, ईनबाई?" म्हणायचं, असा त्यांचा क्रम. त्या दिवशी पिशवी नव्हती आणि कसे हाय हेही नव्हतं. मागे त्यांचा भाऊ, म्हणजे सुनेचा मामा, मोटारसायकल लावून आला. चपला काढताना तो माझ्याकडे बघायचं टाळत होता.

"बसा," मी म्हटलं.

"बसाले नाई आली," असं म्हणून ईनबाई बसल्या. "पोरीले न्यायले आली."

"सणाले? सण तं दूर हाय अजून."

"सणाले नाई. कायमची. तुमी माह्या पोरीवर दात खाऊन राह्यल्या. दिवसा नाई, तं रातभर! पोरगी झोपत नाई. डोळ्याखाली काळं पडलं तिच्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आरोप अक्षरशः खरा होता. मी दात खात होते. दिवसा नाही, रातभर.

आता मी रागीट आहे हे गावाला सांगायची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला माझा. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज चाळिशीची झाली, तरी बसस्टँडवर मी दिसले की तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा गिळतात. सगळं गाव मला बाई म्हणतं. आमचे हे सुद्धा बाईच म्हणतात, नवरा म्हणून वेगळी सवलत नाही. पण माझा राग कसा, तर उकळला की उतू गेला. बोलून मोकळी. आतल्या आत दात खाऊन कोणाचं वाईट चिंतायचं, हे आपल्याला जमत नाही. माझा कोणावर दात नाही. तरी बाईंचा राग गावभर माहीत असल्यानं, सासू सुनेवर दात खाते असं कोणी म्हटलं असतं, तर साऱ्यांनी माना डोलावल्या असत्या. हीच तर पंचाईत होती.

आणि सून कोणती? हिच्यावर दात? बापा रे!

मला एकच पोरगा. तो गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे, शिफ्टची नोकरी, तिथंच खोलीवर राहतो आणि सुटी मिळाली की घरी येतो. सूनबाईचं काम इथं, आमच्या गावातल्या सेतू केंद्रात. दिवसभर लोकांचे दाखले, आधार, सातबारे काढून देते. तिला वडील नाहीत, लग्नाच्या आधीच गेले. पोरगी कमी बोलते. पण भाकरी थापता थापता असा एखादा शब्द टाकते की मला हसून हसून ठसका लागतो. ती घरात आली, तेव्हा मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी या घरात बाईमाणूस आलं. ती माहेरी निघून गेली असती तर मी आणि आमचे हे, दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो असतो. आमचे हे काही वाईट नाहीत दिसायला, पण किती बघणार? मला ती पोरगी हवी होती. अगदी पोटातून हवी होती. आणि तिला न्यायला आलेली माणसं माझ्या पुढच्या छपरीत बसून माझ्याच घरचं पाणी पीत होती.

तर हे दात खाणं कुठून आलं, ते सांगते.

मी घोरायचे. थोडंथोडकं नाही. आमचे हे वनखात्याच्या लाकूड डेपोत होते, तेव्हा त्यांच्याकडे उपमा तयारच. "बाईची आरामशीन सुरू झाली," म्हणायचे, म्हणजे लाकूड चिरायची. मी म्हणायचे, तुम्हाला ऐकू येतं म्हणजे तुम्ही झोपत नाही, नाटकं करता. पण मग ते म्हणू लागले, "बाई, तुही आरामशीन मधातच बंद पडते. लाकूड अडकल्यावानी. मंग एकदम दचकून सुरू होते." इकडे मला दिवसभर पेंग. बसमध्ये झोप, भाजी निवडताना झोप, एकदा तर महिला मंडळाच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसले आणि अध्यक्षीय भाषणाआधीच घोरले. तेव्हा मात्र पोरगा मला धरून चंद्रपूरला डॉक्टरकडे घेऊन गेला. एका रात्री बोटाला, छातीला तारा बांधून झोपवलं. निदान झालं की झोपेत माझा श्वास थांबतो, पुन्हा पुन्हा थांबतो. मग मशीन आली. डब्यासारखी छोटी मशीन, तिला नळी, नळीला मास्क. रात्रभर हवा आत ढकलत राहते आणि घसा मिटू देत नाही.

शेजारच्या घरची नातवंडं बघायला आली आणि म्हणाली, आजी हत्ती झाली. दोघांना पाढे म्हणायला लावले आणि मगच घरी पाठवलं.

मशीन लावली आणि घोरणं बंद झालं. आमचे हे खूश. पण चार दिवसांनी सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "आरामशीन बंद झाली हे बरं झालं. पण आता रातभर कोनतरी सुपारी फोडून राह्यलं."

ती सुपारी म्हणजे माझे दात. कर्र, कर्र. आधीही खात असेन, पण घोरण्याच्या आवाजापुढे कोणाला ऐकू येणार? आता घर शांत झालं आणि दात बोलायला लागले.

ही गोष्ट आमच्या ह्यांनी पानठेल्यावर सांगितली. बस्स. दुसऱ्या दिवसापासून बाया मला सल्ले द्यायला लागल्या. दात खाते म्हणजे पोटात जंत झाले, हे आमच्याकडे तान्ह्या लेकराच्या आईलाही ठाऊक. "बाई, जंताची गोळी घ्या!" अहो, शाळेत दरवर्षी रांगेत उभं करून पोरांना जंताच्या गोळ्या खाऊ घालणारी मी! पळून जाणाऱ्याला धरून आणणारी मी! आणि माझा नवरा सरकारी दवाखान्यातून तीच गोळी घेऊन माझ्यासमोर उभा. वर म्हणतो कसा, "बाई, चावून खा, अन् जीभ दाखव." माझंच वाक्य. खाल्ली मुकाट्यानं. जंत निघाले नाहीत, दात खाणं थांबलं नाही, आणि एके दिवशी भाकरीचा तुकडा चावताना दाढेचा टवका उडाला.

मग दाताचा डॉक्टर. त्यानं तोंडात आरसा घातला आणि म्हणाला, "दाढा घासून सपाट झाल्या हो तुमच्या. मशीनचा पट्टा आवळून बांधता का?"

बांधत होते. हवा बाजूनं निघून जाऊ नये म्हणून बैलाचा कासरा ओढावा तसा पट्टा ओढून बांधत होते. सकाळी जबडा दुखायचा, कानापाशी ठणकायचं, पण मला वाटायचं, उपचार म्हटला की दुखणारच. त्यानं लगेच झोपेच्या डॉक्टरला फोन लावला. दोघांचं बोलणं झालं आणि माझा नाकातोंडाचा मास्क बदलून फक्त नाकाचा मास्क आला. पट्टा सैल करायला सांगितला. संध्याकाळचा चहा बंद. हा खरा जुलूम. दातांचा साचा घेऊन एक पातळसा गार्ड बनवून दिला, तो रात्री दातांवर बसवायचा, म्हणजे दात दाताला घासत नाहीत. आणि एक मंत्र दिला. दिवसभर आठवायचं, "ओठ मिटलेले, दात सुटे." म्हणे दिवसाही मी दात आवळूनच बसते. विशेषतः टीव्हीवरच्या बातम्या पाहताना.

सूनबाईनं तो मंत्र पाठ केला. मी दूधवाल्याशी भांडायला लागले की ती आतून म्हणायची, "आई, दात सुटे." अगाई! भांडताना दात सुटे ठेवून बघा एकदा. भांडणच होत नाही.

गार्ड आला आणि दात खाण्याचा आवाजही गेला. म्हणजे मी जबडा आवळत असेन अजूनही, पण कर्र कर्र बंद. मला वाटलं, सुटलो सारे. पण त्याच दिवसांत सूनबाईच्या डोळ्याखाली काळं यायला लागलं. सकाळी उठायची ती तोंड सुजवून. सेतू केंद्रात कोणाच्या तरी दाखल्यावर बापाच्या जागी मुलाचं नाव टाकून आली. तिची खोली आमच्या खोलीला लागून, मध्ये फक्त प्लायवूडचा पडदा आणि एक दार. मी विचारलं, "काऊन वं, झोप नाई होत का?" ती म्हणाली, "नाई जी, तसं नाई…" आणि मी म्हटलं, "मोबाईल पाहत बसत असशीन!" आणि मोबाईल कसा वाईट, यावर पाच-दहा मिनिटं भाषण दिलं.

आता ईनबाईंच्या आरोपाकडे.

त्यांच्या गावात फोनची रेंज फक्त तलावाच्या पाळीवर. तिथं वारा. पोरीनं फोन केला तेव्हा ईनबाईंनी विचारलं, आवाज असा काऊन येते तुहा, झोपली नाईस का? आणि पोरगी म्हणाली, "सासूबाईचं दात खाणं…" मग नुसता वारा. मग, "…म्हून मले झोप नाई." फोन तुटला. ईनबाईंनी हातातलं जाळं तिथंच पाळीवर टाकून दिलं आणि भावाला म्हटलं, गाडी काढ.

"अवो ईनबाई," मी म्हटलं, "थे दात खाणं तसं नाई. थे झोपेतलं दात खाणं हाय. बीमारी हाय मले."

"बीमारी पोरीवरच निघते का तुमची?"

आमचे हे मध्ये पडले. "खरंच हाय ईनबाई. मी रोज आयकतो."

"नवरा तं बायकोकडूनच बोलन," मामा म्हणाला. हे वाक्य ऐकून आमच्या ह्यांना इतका आनंद झाला की ते पुढे माझी बाजू मांडायचंच विसरले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्यावर हा आरोप केला होता.

मी मशीन आणून दाखवली. गार्डची डबी उघडून दाखवली. ईनबाईंनी डबीत डोकावून तोंड फिरवलं. "कवळी तं आमच्या गावात भी हाय लोकाईले," म्हणाल्या.

दुपारी सूनबाई जेवायला घरी आली. आईला बघून दारातच थबकली. "माय? तू इथी?"

"सामान भर," ईनबाई म्हणाल्या.

"काऊन? काय झालं?"

"फोनवर तूच सांगतलं न, सासू दात खाते म्हून झोप नाई?"

"नाई वं माय, मी तसं नाई सांगतलं. मी सांगून राह्यली होती का…"

"थांब," मी म्हटलं, "तू थांब, मी समजावून सांगते त्याईले." आणि मी समजावलं. जबडा, दाढा, मास्क, पट्टा, सगळं. फळ्यावर काढून द्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

"पण आई, मले म्हणायचं हाय का…" सूनबाई म्हणाली.

"मले मालूम हाय तुले काय म्हणायचं हाय! तू पाणी आण पयले."

ती पाणी आणायला गेली. ईनबाई म्हणाल्या, "पाहा. पोरगी भेऊन राह्यली. बोलू भी शकत नाई."

मी दात आवळले. आतून आवाज आला, "आई, दात सुटे."

जेवायची वेळ झाली होती. मी ताटं मांडली. ईनबाई म्हणाल्या, भांडाले आलो, जेवाले नाई. मामा मात्र म्हणाला, भांडण आपल्या जागी आणि जेवण आपल्या जागी, आणि पाटावर बसला. "मासोळी नाई आज," मी त्याला वाढताना जरा मोठ्यानंच म्हटलं, "ईनबाई आणतीन म्हून मी बाजारातून घेतली नाई." ईनबाईंच्या नाकपुड्या फुगल्या. पण मामा वरणभातावर तूप ओतून घेत म्हणाला, "येवढा वाद कायले? सोपं हाय. बाईनं झोपून दाखवावं."

"काय?"

"झोपा न. माही बहीण बाजूले बसन. झोपेत दात खाल्ले तं बीमारी. नाई खाल्ले तं मंग जे हाय थे हाय."

आमच्या ह्यांच्या घशात घास अडकला. हसू दाबत होते, मी ओळखते. पण मला त्या क्षणी हसू आलं नाही. व्याह्याच्या माणसांसमोर, भर दुपारी, तोंडावर सोंड लावून झोपायचं? माझी सासू असती तर विहिरीत ढकललं असतं तिनं मला. मी सूनबाईकडे पाहिलं. ती ताटाशी बसून भात चिवडत होती, डोळ्याखाली ते काळं. उद्या या वेळी ही पाटावर नसेल, हा विचार आला आणि माझी सगळी अब्रू गेली चुलीत.

"झोपते," मी म्हटलं.

दोघा पुरुषांना छपरीत पाठवलं. खिडकीला पडदा ओढला. ईनबाई पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसल्या, हात मांडीवर, बाजारात गिऱ्हाइकाची वाट पाहावी तशा. सूनबाई दाराला टेकून उभी. गार्ड मी मुद्दाम डबीतच ठेवला, कारण पुरावा ऐकू यायला हवा. मास्क लावला, पट्टा नेहमीसारखा सैल, मशीन सुरू केली. नाकाचा मास्क असल्यानं तोंड मिटूनच ठेवावं लागतं. तोंड उघडलं की नाकातली हवा तोंडातून भस्सकन बाहेर येते आणि शब्द काही फुटत नाही. मी डोळे मिटले.

आता सांगा, अशी झोप कोणाला येईल? सभेत येते, बसमध्ये येते, नको तिथं येते. पण आपली सून राहणार की जाणार हे आपल्या झोपेवर ठरत असताना? मी कुशीवर वळले. सरळ झाले. मेंढ्या मोजतात म्हणे, मी हजेरीपट मोजला. डोळा लागेना. ईनबाई खुर्चीत चुळबूळ करू लागल्या. आता त्या उठणार आणि म्हणणार, पाहा, खात नाई दात.

मग मी काय केलं? मी झोपेचं सोंग घेतलं आणि दात खायला सुरुवात केली.

अगदी मन लावून. कर्र. कर्र. श्वास लांब, अंग ढिलं, आणि कर्र. दाढा ठणकायला लागल्या, कानशिलं तापली, पण आवाज असा काढला की छपरीतल्या मामालाही ऐकू जावा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी पोरांना नाटकं शिकवली, ती अशी कामी आली.

"अवं माय," ईनबाई पुटपुटल्या, "खरंच खाते वं."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. सुटले! निर्दोष!

"बीमारीच हाय बिचारीले," ईनबाई पुढे म्हणाल्या, आवाज मऊ झाला होता. मग थोडं थांबून, "पण पोरी, बीमारी असो का राग असो, असा आवाज रोज रातभर? तुले झोप कशी येईन? तू आजारी पडशीन. तू चाल माह्या संगं. जवाईबुवाले सांगू, गडचांदूरलाच मोठी खोली करा म्हणा. इथी नको राहू."

माझे दात जागीच थांबले. असे थांबले की जणू कोणी स्विच बंद केला. हे काय करून बसले मी? पुरावा द्यायच्या नादात स्वतःच सुनेला घराबाहेर काढत होते की! खोलीत एकदम चिडीचूप झालं. मशीनची बारीक हवा तेवढी.

"माय," सूनबाई म्हणाली, "आता आवाज बंद झाला न?"

"हो."

"थ्याच्यानंच मले झोप येत नाई."

"आवाज बंद झाला म्हून झोप येत नाई? येडी झाली का तू?"

सूनबाई दारापासून आत आली. पलंगाच्या पायथ्याशी बसली असावी, कारण गादी किंचित दबली. "बाबा घोरत होते, तवा आपण सारे हासत होतो. याद हाय? शेजारचे भी हासत. त्या राती घोरता घोरता थे थांबले. मी जागी होती, माय. मले वाटलं, चला, बरं झालं, आता झोपाले भेटन. अन् मी कूस बदलून झोपली."

ईनबाईंची खुर्ची तिच्याकडे सरकल्याचा आवाज आला.

"सकाळी तू चहा घेऊन गेली त्याईच्यापाशी."

"हे तू मले कवाच नाई सांगतलं," ईनबाई म्हणाल्या. आवाज ओळखू येईना.

"कोनालेच नाई सांगतलं. इथी आली, तं आई घोरत. मले लय बरं वाटे. रातभर आवाज, मी मजेत झोपो. मंग मशीन आली, घोरणं बंद झालं. मले मालूम हाय मशीनच श्वास चालू ठेवते. सारं वाचलं मी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर. पण रातच्याले मनाले कोन समजावन? मी दाराले कान लावून बसो. तं कर्र आवाज ये. म्हटलं, हाय. माणूस हाय. मंग झोप ये मले. आता गार्ड आला, थे भी बंद. फोनवर मी थेच सांगून राह्यली होती, सासूबाईचं दात खाणं बंद झालं, म्हून मले झोप नाई. तुले अर्धंच आयकू आलं."

"मंग फेकून दे थो गार्ड!"

"नाई. दाढा जातीन त्याईच्या. गार्ड राहू दे. फक्त मधातलं दार रातच्याले उघडं ठेवत जा म्हणा. मशीनच्या हवेचा आवाज येते थोडा, कान देला तं. तेवढा पुरते मले." मग ती जरा थांबली. "अन् मी कुठी जात नाई, माय. मी गेली तं इथी आयकन कोन? सासरे डोळा लागेवर आयकते, पण एकदा झोपले का ढोल वाजवला तरी उठत नाई."

मी सोंग घेऊन पडले होते. हलायचं नव्हतं. पण डोळ्यांना कोण सांगणार? पाणी कानाकडे ओघळलं, मास्कच्या कडेखाली शिरलं, नाक भरलं, आणि ओल्या गालावरून मास्क सरकला. फुर्र्र्र! हवा बाजूनं अशी सुटली, की ईनबाई खुर्चीवरून ताडकन उठल्या.

"अवं, फुटलं काय वं हे?"

सूनबाई शांतपणे उठली. तिनं मशीनचं बटण दाबून हवा बंद केली, माझ्या डोक्यामागचा पट्टा सोडवला आणि मास्क काढून पदरानं माझा गाल पुसला. "उठा आता," म्हणाली.

मी उठून बसले. ईनबाई माझ्याकडे, मी ईनबाईंकडे. दोघींचे डोळे लाल.

"जाग्या होत्या का तुमी?" ईनबाई म्हणाल्या.

"पयल्यापासून जाग्या होत्या," सूनबाईनं परस्पर उत्तर दिलं. "झोपेत थे असं नाई खात, माय. झोपेत हळू हळू खाते, थांबून थांबून. आज तं फुटाणे फोडून राह्यल्या होत्या."

म्हणजे हिला सुरुवातीपासून माहीत होतं! मी जागी आहे, ऐकते आहे, सगळं माहीत होतं, आणि तरी ती सगळं बोलली. पण स्वभाव काही जात नाही. मी उसळलेच. "अवं मंग समोर बसून सांगाले काय झालं होतं? एवढे दिवस मनात ठेवलं! मी का खाऊन टाकलं असतं तुले?"

"नाई जी," ती म्हणाली. मास्कची नळी गुंडाळत होती, माझ्याकडे न बघता. "पण तुमी मले बोलू कवा देता? आज नाकाले मशीन होती, तोंड उघडता येत नवतं तुमाले. म्हून पुरं बोलता आलं मले."

छपरीतून आमच्या ह्यांचं हसणं ऐकू आलं. त्यांचा हिशेब मी नंतर घेणार होते. मला तिलाही पुष्कळ काही सांगायचं होतं, तिच्या बाबांविषयी, त्या रात्रीविषयी, तिची काही चूक नव्हती याविषयी. शब्द ओठापर्यंत आले होते. पण तिनं नळी बाजूला ठेवली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अजून एक सांगाचं हाय." मग मी ओठ मिटले आणि ऐकत बसले.